आरशातली खोली

भुताचा सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पडका वाडा, अमावास्येची रात्र, कुठेतरी कुरकुरणारे दार आणि पांढरे पातळ नेसून, हातात मेणबत्ती घेऊन गाणे म्हणत हिंडणारी एक बाई! गाणे संपले की बाई गडप. असला सिनेमा आपण पदराआडून बघतो खरा, पण घरी येऊन कुकर लावेपर्यंत सगळे विसरूनही जातो.

मी आज ज्या भयपटाविषयी लिहिते आहे, त्यात यातले काही नाही. त्यात एक नीटनेटका दिवाणखाना आहे, चहाचे कप आहेत आणि चारचौघांसारखी गप्पा मारत बसलेली माणसे आहेत. तो पाहिल्याला आता बरेच महिने झाले, तरी पोळ्या लाटता लाटता मधूनच तो माझ्या मनात येतो. भीती वाटते म्हणून नव्हे हं! घरातल्या एका अवघड प्रसंगात त्याचा मला उपयोग झाला म्हणून. भुताच्या सिनेमाचा संसारात उपयोग? हसू नका. सांगते.

चित्रपटाचे नाव 'डेड ऑफ नाइट'. म्हणजे ऐन मध्यरात्र. १९४५ सालचा, काळापांढरा, पावणेदोन तासांचा इंग्रजी चित्रपट. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली होती, तिने लॅपटॉपवर लावून दिला. "आई, जुना आहे, पण तुला आवडेल," म्हणाली. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग नावाचे उपनगर आहे, तिथल्या ईलिंग स्टुडिओत मायकेल बाल्कन या निर्मात्याने तो काढला. पुढे हाच स्टुडिओ विनोदी चित्रपटांसाठी जगभर नावाजला. एकाच चित्रपटाला दिग्दर्शक मात्र चार: अल्बेर्तो काव्हाल्कांती, चार्ल्स क्रिक्टन, बेसिल डिअर्डन आणि रॉबर्ट हेमर. चार सुना एका स्वयंपाकघरात असल्या की काय होते, ते आपण जाणतो. इथे मात्र चौघांनी मिळून ताट मोठे सुरेख वाढले आहे.

चित्रपट लोकांपुढे आला तो सप्टेंबर १९४५ मध्ये. महिना लक्षात घ्या. सहा वर्षांचे महायुद्ध नुकते कुठे थांबत होते. ज्यांनी तिकिटे काढली, त्यांतल्या कित्येकांनी बाँबच्या भीतीने रात्रीच्या रात्री आसऱ्याच्या तळघरांत काढल्या होत्या. युद्धाच्या दिवसांत ब्रिटनमध्ये भयपट जवळजवळ बंदच होते. बरोबरच आहे, खरी भीती दारात उभी असताना विकतची कोणाला हवी? चित्रपटात युद्ध कुठेच दिसत नाही. पण दिवसा नीट वागणारी, हसणारी, चहा पिणारी माणसे मनात काय काय लपवून बसलेली असतात, ते मात्र दिसते. त्या वर्षीच्या प्रेक्षकांना ते सांगावे लागले नसेल.

रचना आपल्या वेताळपंचविशीसारखी. एका धाग्यात ओवलेल्या पाच गोष्टी. वॉल्टर क्रेग नावाचा एक वास्तुशिल्पी केंट परगण्यातल्या एका घरी येतो. घरमालकाला घरात थोडे वाढीव बांधकाम करायचे आहे, म्हणून त्याने बोलावलेले. क्रेग पूर्वी इथे कधी आलेला नाही. पण दिवाणखान्यात पाऊल टाकताच तो चपापतो. इथली सगळी माणसे त्याने पाहिलेली आहेत! एकदा नाही, पुन:पुन्हा, स्वप्नात. ते स्वप्न सुरू होते साधेपणाने आणि संपते भयंकर, एवढे त्याला पक्के ठाऊक आहे. मधले नीट आठवत नाही. पुढे काय होणार ते अधूनमधून आठवते, आणि तो म्हणतो तसेच घडू लागते.

पाहुण्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, डॉक्टर व्हान स्ट्राटेन. त्यांचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. प्रत्येक गोष्टीला काहीतरी सरळ कारण असणारच, हे त्यांचे पालुपद. मग बाकीच्यांनाही कंठ फुटतो. प्रत्येक जण आपापला अनुभव सांगू लागतो आणि डॉक्टर प्रत्येकाला समजावीत राहतात.

पहिली गोष्ट एका मोटार शर्यतवाल्याची. अपघातानंतर तो दवाखान्यात पडलेला असतो. रात्री खिडकीचा पडदा सारतो तर बाहेर लख्ख दिवस आणि खाली प्रेत नेणारी गाडी! गाडीवाला वर बघून सांगतो, आत एकाच माणसापुरती जागा आहे. बरा होऊन बाहेर पडल्यावर तो बसच्या थांब्यावर उभा राहतो, तर कंडक्टरचा चेहरा तोच आणि शब्दही तेच. तो मागे सरतो. बस जाते आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुलावरून कोसळते. ही मूळ कल्पना ई. एफ. बेन्सन या लेखकाच्या कथेतली.

दुसरी गोष्ट सॅली नावाच्या शाळकरी वयाच्या मुलीची. नाताळात एका जुन्या मोठ्या घरी मुले लपंडाव खेळत असतात. लपता लपता ती वरच्या एका खोलीत शिरते. तिथे जुन्या तऱ्हेचे कपडे घातलेला एक लहान मुलगा रडत बसलेला. बहिणीची भीती वाटते म्हणतो. सॅली त्याला जवळ घेते, अंथरुणात निजवते, अंगाई म्हणते आणि खाली येते. खाली आल्यावर कळते की त्या नावाचा मुलगा या घरात १८६० साली मारला गेला.

ही गोष्ट अगदीच हवेतली नाही बरं का! इंग्लंडमध्ये १८६० साली फ्रान्सिस केंट नावाच्या चार वर्षांच्या आतल्या मुलाचा खरोखर खून झाला होता. पाच वर्षांनी त्याच्या सावत्र बहिणीने, कॉन्स्टन्स केंटने, तो आपण केल्याचे कबूल केले. शिक्षा भोगून ती ऑस्ट्रेलियाला गेली, नाव बदलून रुग्णसेवा करीत राहिली आणि शंभर वर्षांची होऊन १९४४ साली वारली. म्हणजे चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी! चित्रपटात दोघांची नावे तीच ठेवली आहेत.

गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची एक गोष्ट विनोदी आहे. एकाच मुलीवर दोघांचे प्रेम, म्हणून पोरीलाच पणाला लावून खेळतात शहाणे! तिची मूळ कल्पना एच. जी. वेल्सची. आणि शेवटची गोष्ट शब्दभ्रमाचे खेळ करणाऱ्याची. आपल्याकडे पाध्ये यांच्या अर्धवटरावाने पिढ्यान् पिढ्या हसवले, तसाच हा ह्यूगो नावाचा बाहुला. फक्त हा हसवत नाही. बाहुला बोलतो की मालक बोलतो, कोण कोणाच्या ताब्यात आहे, हेच शेवटी कळेनासे होते. मालकाचे काम मायकेल रेडग्रेव्हने केले आहे. ह्या गोष्टीमुळेच चित्रपट गाजला. मुलगी म्हणाली, "आई, ही बघ आता, ही सगळ्यांत भारी आहे." असेल. पण माझे मन अडकले ते त्याआधीच्या, आरशाच्या गोष्टीत.

ती रॉबर्ट हेमरने दिग्दर्शित केलेली आणि त्यातल्या जोनचे काम केले आहे गूगी विदर्स या नटीने. ही बाई जन्मली १९१७ साली, कराचीत. तेव्हा कराची आपल्या मुंबई इलाख्यातच होती! 'गूगी' हे लाडाचे नाव तिला सांभाळणाऱ्या आयाने ठेवले असे सांगतात. रुबाबदार चेहरा, ताठ मान, आणि डोळ्यांत एक प्रकारचा शहाणपणा. रडकी नायिका तिला शोभलीच नसती.

जोन आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, पीटरला, एक जुना नक्षीदार आरसा भेट देते. जुन्या सामानाच्या दुकानातून हौसेने आणलेला. काही दिवसांनी पीटर गप्प गप्प राहू लागतो. खोदून विचारल्यावर सांगतो: आरशात त्याला आपली खोली दिसतच नाही. दिसते ती भलतीच खोली. जुन्या काळची, शेकोटी पेटलेली, छत्रीपलंग असलेली. मनाला बजावून बजावून पाहिले की क्षणभर आपली खोली दिसते, मग पुन्हा तीच.

इथे जोन काय करते? ती हसत नाही. खुळचटपणा पुरे म्हणत नाही. ती त्याला हाताला धरून आरशासमोर नेते आणि त्याच्या शेजारी उभी राहते. तिला तर सरळ सरळ आपलीच खोली दिसते आहे, त्यात दोघेही दिसताहेत. पण त्याला ती शेजारी असून आरशात दिसत नाही! ती हात सोडत नाही. बघ, मी इथे आहे, पुन्हा बघ, असे म्हणत राहते. आणि हळूहळू ती परकी खोली विरते, आणि आरशात दोघे जण दिसू लागतात.

गोष्ट तिथे संपत नाही. दोघांचे लग्न होते. पुढे जोन काही दिवसांसाठी आईकडे जाते, आणि घरात पीटर एकटा आणि आरसा. जोनला त्या दुकानदाराकडून आरशाचा पूर्वेतिहास कळतो. शंभरएक वर्षांपूर्वी तो ज्याच्या खोलीत होता, तो गृहस्थ घोड्यावरून पडून अंथरुणाला खिळला. त्या खोलीत पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात बायकोविषयी संशय भरला. शेवटी त्याने तिचा गळा आवळला आणि स्वत:चाही जीव घेतला. जोन तशीच घरी धावते. पीटर बदललेला असतो. तोच संशय, तीच भाषा. तो तिचा गळा आवळू लागतो, आणि त्या क्षणी जोनलाही आरशात ती खोली दिसते. ती आरसा फोडून टाकते. पीटर भानावर येतो. त्याला काही आठवतही नाही.

ही गोष्ट पाहताना मी खुर्चीत सावरून बसले. कारण आमच्याही घरात एक आरसा आहे, आणि त्यातही कोणाला तरी भलतेच दिसत होते.

आमच्या सासूबाईंनी ब्याऐंशी ओलांडली. हयातभर घर त्यांनी एकहाती चालवले. दुधाचा हिशेब, भिशीचे पैसे, कोणाच्या मुंजीत कोणी काय आहेर केला, सगळे तोंडपाठ. तीन वर्षांपूर्वी हिशेब चुकू लागले. आमटीत मीठ दोनदा पडू लागले. मग दिवाळी होऊन गेली का, म्हणून दिवसातून चार वेळा विचारू लागल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असे नाव सांगितले. नाव कळले म्हणून दुखणे हलके होत नाही, पण घरातल्यांना निदान कळते की म्हातारी मुद्दाम करत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका तिन्हीसांजेला त्या आपल्या खोलीतून लगबगीने स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अगं, आत एक म्हातारी बसलीय. केव्हाची टक लावून बघतेय माझ्याकडे. कोण गं ती?"

आत जाऊन बघितले. कोणी नव्हते. पलंगासमोर लोखंडी कपाट, त्याच्या दाराला उभा आरसा. त्या पलंगावर बसल्या की समोर दिसणार त्याच!

मग रोजचेच झाले. कधी ती बाई बिचारी वाटायची, कधी चोर. "माझंच पातळ नेसून बसलीय मेली!" म्हणून एकदा केवढा तरी आरडाओरडा. आमचे हे हिशेबी, सरळ माणूस. त्यांनी आईला आरशासमोर उभे केले, आरशावर टकटक करून दाखवले, "आई, अगं हा आरसा आहे. ही तूच आहेस." सासूबाईंनी एकदा आरशाकडे पाहिले, एकदा मुलाकडे. म्हणाल्या, "मी काय इतकी म्हातारी आहे?" हे काही न बोलता गच्चीवर निघून गेले. आई आपल्याला विसरते, हे मुलगा एक वेळ सोसतो. आई स्वत:लाच विसरली, हे सोसवत नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावले की या आजारात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या मागे राहतात. सासूबाईंच्या मनात त्या तिशीच्या, चाळिशीच्या आहेत. केस काळेभोर, अंगात ताकद. मग आरशातली पांढऱ्या केसांची बाई ओळखीची वाटणार कशी? त्यांच्या बाजूने बघितले तर त्यांचेच बरोबर! आरशात त्यांना खरोखरच एक परकी खोली दिसत होती, आणि त्या खोलीत एक परकी बाई.

तर सिनेमा पाहिल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी त्या पुन्हा घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. "आलीय परत. चल, तूच बघ." मी हात पुसले आणि त्यांचा हात धरून आत गेले. आरशासमोर दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मी गप्पच होते. त्या आरशात निरखून बघत होत्या. मग बोट दाखवून म्हणाल्या, "ही तू." मला त्या आरशात बरोबर ओळखत होत्या! बोट बाजूला सरकले. "आणि ही?" मी काही म्हणायच्या आत त्यांनीच विचारले, "तुझ्याबरोबर आलीय का?"

मी म्हटले, "हो आई, माझ्याबरोबर आलीय."

"मग असू दे," म्हणाल्या, आणि पलंगावर जाऊन निवांत बसल्या.

मैत्रिणींनो, त्या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांत पाणी आले. ती बाई कोण, हे त्यांना कळले नव्हतेच. पण ती कोणाच्या तरी ओळखीची आहे, आपल्या माणसाबरोबर आलेली आहे, एवढ्याने भीती गेली. भीतीला दर वेळी कारण समजावून सांगावे लागते असे नाही. शेजारी माणूस लागते.

'डेड ऑफ नाइट'मध्येही मला हेच दिसले. डॉक्टर व्हान स्ट्राटेन वाईट नाहीत. हुशार आहेत, सभ्य आहेत, बोलतात तेही मुद्देसूद. पण घाबरलेल्या माणसाला ते फक्त सिद्ध करून दाखवतात की घाबरण्याचे कारण नाही. क्रेगची भीती त्याने तसूभरही कमी होत नाही, उलट वाढत जाते. शेवटी दिवाणखान्यात दोघेच उरतात, आणि व्हायचे ते भयंकर घडते. उलट ज्या दोन गोष्टींत बाईमाणूस मध्यभागी आहे, त्या आठवून बघा. सॅली रडणाऱ्या पोराला भूत आहेस का म्हणून विचारत बसत नाही, थोपटून निजवते. जोन आधी शेजारी उभी राहते, मग चौकशी करते आणि वेळ येताच आरसा फोडते. गोल्फवाले आणि बाहुलेवाले आपापल्या गुंत्यात अडकतात. शर्यतवाला वाचतो तो मागे सरला म्हणून. पण दुसऱ्याचे भय हलके करतात त्या या दोघीच. गंमत अशी की अमेरिकेत हा चित्रपट प्रथम दाखवला तेव्हा लांबी कमी करायला सॅलीची आणि गोल्फची गोष्ट कापून टाकली होती. अंगाई म्हणणारीला कात्री लागते, हा अनुभव जुनाच!

एक मात्र स्पष्ट सांगते. हात उगारणाऱ्या माणसाच्या शेजारी मुकाट उभे राहा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गळ्याशी हात आल्यावर जोनसुद्धा समजूत घालत बसली नाही. संशयाचे भूत अंगात आलेल्या नवऱ्याची गोष्ट वेगळी आणि म्हातारपणाने हरवलेल्या माणसाची वेगळी. शेजारी कधी उभे राहायचे आणि आरसा कधी फोडायचा, हे ओळखता यायला हवे.

चित्रपटाचा शेवट सांगू की नको? इतका जुना आहे, सांगतेच. सगळ्या गोष्टींचा एकच गलबला होतो, क्रेग किंचाळतो आणि आपल्या घरी, आपल्या अंथरुणात जागा होतो. हुश्श! स्वप्नच होते तर. इतक्यात फोन वाजतो. कोणा गृहस्थाला घराचे बांधकाम वाढवायचे आहे, केंटमध्ये. बायको म्हणते, जा की, तेवढाच हवापालट. तो गाडी काढतो, आणि पडद्यावर सुरुवातीचीच दृश्ये पुन्हा सुरू होतात. शेवट म्हणजेच आरंभ!

या शेवटाची एक हकीगत आपल्यापर्यंत येऊन पोचते. युद्धानंतर केंब्रिजच्या तीन तरुण शास्त्रज्ञांनी हा चित्रपट पाहिला: फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड. गोल्डच्या मनात आले, हे विश्वही असेच असले तर? आरंभ नाही, शेवट नाही, केव्हाही पाहा, सारखेच. १९४८ साली तिघांनी 'स्थिर स्थिती'चा सिद्धांत मांडला. पुढे याच हॉइलसाहेबांचे शिष्य झाले आपल्या कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर! १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९६५ मध्ये आकाशातल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले, पण नारळीकर अखेरपर्यंत दुसऱ्या शक्यतांचा विचार करीत राहिले. मे २०२५ मध्ये पुण्यात ते गेले. त्यांच्या पत्नी मंगलाताई, स्वत: गणिताच्या विदुषी, त्या २०२३ सालीच गेल्या होत्या. एका भुताच्या सिनेमातून केवढी पणती पेटली बघा!

अर्थात आरंभ नाही आणि शेवट नाही, हे आपल्याला सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? तोच ओटा, तीच भांडी, पुसून होते न होते तोच पुन्हा चहाची वेळ. आणि आमच्या घरी आता आणखी एक वर्तुळ. आज समजूत पटली, म्हणून उद्या पटलेली असेल असे नाही. उद्या सासूबाई पुन्हा विचारणार, "ती कोण गं?" आणि त्यांच्यासाठी तो प्रश्न पहिल्यांदाच विचारलेला असणार. क्रेगसारखाच. पूर्वी मला वाटे, रोज तेच ते उत्तर द्यायचे म्हणजे कंटाळ्याची कमाल. आता तितके वाटत नाही. त्यांना रोज नवी भीती वाटते, तर मी रोज नवा हात द्यायचा, इतका साधा हिशेब.

ज्यांच्या घरी असे माणूस आहे, त्यांच्यासाठी आम्हांला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी लिहून ठेवते. आरशाचा त्रास होऊ लागला की वाद घालू नये, आरसा झाकावा किंवा हलवावा. न्हाणीघरातला छोटा आरसा विसरू नका. तिन्हीसांजेला काळोख पडायच्या आधीच दिवे लावावेत आणि खिडक्यांचे पडदे ओढावेत, कारण बाहेर अंधार झाला की खिडकीची काचही आरसाच होते. "ही तूच आहेस" म्हणून पटवण्यापेक्षा "मी आहे ना इथे" म्हणावे आणि हळूच दुसऱ्या कामात गुंतवावे. शेंगा सोलायला द्याव्यात, वाती वळायला द्याव्यात. सासूबाईंचे बोलणे विसरले, पण हात वाती विसरले नाहीत. आणि एक: असा घोटाळा एकाएकी वाढला तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला किंवा औषध बदलले, तरी भास वाढू शकतात.

आमच्यावर आरसा फोडायची वेळ आली नाही. सासूबाईंचे एक जुने नऊवारी होते, अंजिरी रंगाचे, धुऊन धुऊन मऊ झालेले. ते मी दुहेरी करून कपाटाच्या दारावर सोडले. खोली छान दिसते उलट. परवा दुपारी त्या त्याच्या काठावरून हात फिरवीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ती तुझ्याबरोबरची बाई गेली का गं?"

म्हटले, "हो, गेली."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, "चहा न घेताच?"